चिठ्ठीत राहून गेलेलं

१

बाजारात स्क्रू वजनावर विकतात. तागडीत मूठभर टाकले, काटा हलला, कागदात गुंडाळले, झालं. मोजकेशेठ मात्र मोजून देत. त्यांचं म्हणणं असं, की सुताराला दाराच्या बिजागऱ्यांसाठी अठरा स्क्रू लागतात, पाव किलो लागत नाहीत. पाव किलो नेलेला सुतार उरलेले खिशात टाकतो, ते धुण्यात बायकोच्या हाताला टोचतात, आणि शिव्या कुणाला? दुकानदाराला. या हिशेबापायी लोकांनी त्यांचं नावच मोजकेशेठ पाडलं, आणि शेठनीही ते आनंदाने अंगावर घेतलं.

मोजायची रीत वडिलांची. पाच-पाच करून पत्र्याच्या डब्यात सोडायचे. टिक टिक टिक टिक टिक, मग श्वासभर उसंत, की पुन्हा पाच. समोरच्या शिंपीमास्तरांना हा आवाज स्वतःच्या मशीनपेक्षा जास्त पाठ होता.

मोजता मोजता गिऱ्हाईक आलं, तर शेठ एका कपट्यावर तीन गोष्टी लिहीत. कुठला डबा, किती झाले, आणि हात कुठे होता. कपटा गल्ल्याशेजारच्या डबीत टाकायचा, गिऱ्हाईक हसतमुखाने वाटेला लावायचं, आणि चिठ्ठी बघून जिथे सोडलं तिथून पुढे सुरू. काम झालं की चिठ्ठी फाडायची. उभी, आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी. यात हयगय नाही. कारण एकदा एक जुनी चिठ्ठी डबीत तशीच राहिली, आणि शेठनी दुसऱ्या दिवशी तिच्यावर विसंबून एका कपाटवाल्याला दोनशे चाळीस न मोजलेले स्क्रू मोजलेले म्हणून बांधून दिले. माणूस सज्जन होता. अर्धं रिकामं पुडकं काउंटरवर ठेवून एवढंच म्हणाला, "शेठ, आता तुम्ही हवा पण मोजून देता का?"

तेव्हापासून शेठचा हात चिठ्ठी दिसली की आपोआप फाडायला जायचा. डोक्याला विचारायचाही नाही.

२

शेठची एकुलती एक मुलगी माऊ. कॉलेजात संगणक शिकायची. बाकी सगळे पेपर सुटले, एक अडकला: संगणक रचना आणि कार्यप्रणाली. म्हणजे यंत्राच्या पोटात काय काय असतं, आणि त्या पोटातला कारभार कोण कसा हाकतो, याचा. दोनदा नापास. तिसरी आणि शेवटची संधी तीन आठवड्यांवर, त्यात गेली तर कॉलेजातून नावच कमी.

एका दुपारी जेवताना ती म्हणाली, "बाबा, माझं डोकं या कामाचं नाहीये. मी सोडून देते." मीठ वाढ म्हणावं तशा आवाजात म्हणाली. रडली असती तर शेठना समजूत घालता आली असती. तो सपाट आवाज ऐकून त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. ही पोर पूर्वी जिना उतरताना गुणगुणायची. कधी थांबली, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

शेठ स्वतः आठवीपर्यंत शिकलेले. पण अकरा कुलपं खोलून त्यांनी कुलूपदुरुस्ती शिकली होती, आणि बारावं जोडून दाखवलं होतं. तिचं जाडजूड पुस्तक त्यांनी उचललं आणि रोज सकाळी दुकान उघडण्याआधी दहा पानं वाचायला लागले. दुपारी एक ते चार दुकान बंद. शटर अर्ध्यावर ओढायचं, काउंटरवर चहाचे दोन पेले, आणि बापलेकीची शाळा.

"सांग बरं, इंटरप्ट म्हणजे काय?"

"प्रोसेसरला आलेला सिग्नल, ज्यामुळे..."

"पोपट नको. तुझ्या शब्दांत."

"माझ्या शब्दांत येत असतं तर नापास कशाला झाले असते?"

"अगं, मी स्क्रू मोजतोय. शहात्तर झाले. गिऱ्हाईक आलं. मी काय करतो?"

"चिठ्ठी लिहिता." ती थांबली. मान वर केली. "अय्या! ते रजिस्टर सेव्ह करणं म्हणजे हेच?"

"आणि मग?"

"मग दुसऱ्याचं काम करतो. मग चिठ्ठी बघून आधीचं काम पुढे. बाबा, हे पुस्तकवाले तुमच्याकडे शिकायला आले असते तर पुस्तक निम्मं झालं असतं."

"आणि वजनावर विकलं नसतं."

ती हसली. किती महिन्यांनी! हसता हसता लिहायला लागली. माऊ डावखुरी. लिहिताना तळहाताची कड ओल्या शाईवरून फिरायची, त्यामुळे करंगळीखालचा भाग कायम निळा. शेठ तिला लहानपणापासून नीळकंठाऐवजी नीळहाती म्हणायचे.

"पण एक खण टिपायचा राहून गेला तर?" तिने विचारलं. प्रोसेसरच्या पोटातल्या रजिस्टरांना दोघं खण म्हणायला लागली होती.

शेठनी हे पान सकाळीच वाचलं होतं. "प्रोग्राम बंद पडत नाही. चालतो. फक्त त्या खणात मधल्या काळात ज्याचं काम चाललं, त्याचं काहीतरी उरलेलं असतं. हा आपला ते स्वतःचंच समजून पुढे जातो."

"आणि आपण थांबलो होतो हे त्याला कळतच नाही?"

"त्याच्या लेखी तो थांबलेलाच नसतो ना."

माऊने पेनाचं टोपण दातांत धरलं. मग म्हणाली, "कसंतरीच वाटतं नाही, बाबा?"

३

चौथ्या दुपारची गोष्ट. माऊच्या आईने वरून चहा पाठवला, वाफाळता. शेठनी पेला तोंडाशी नेला. माऊ बोलत होती, "म्हणजे रांगेत उभी असलेली सगळी कामं..." शेठनी घोट घेतला.

चहा गार होता. नुसता गार नाही. जाड साय ओठाला चिकटली.

"...आळीपाळीने चालवायची," माऊने वाक्य पुरं केलं.

शेठनी पेल्यात बघितलं, भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. आत्ताच तर दोनला दहा कमी होते. आता अडीच वाजले होते. शटरखालून येणारी उन्हाची पट्टी खुर्चीच्या पायापाशी होती, ती काउंटरवर चढली होती.

डुलकी लागली असणार, त्यांनी मनाशी ठरवलं. पेला हातात धरून कोणी झोपतं का? झोपतं. त्यांचे एक काका छत्री उघडी धरून झोपायचे.

संध्याकाळी शिंपीमास्तर शटरच्या कडेला टेकून म्हणाले, "काय शेठ, ध्यानधारणा सुरू केलीत का? तीही लेकीला घेऊन?"

"का हो?"

"सुईचं पाकीट हवं होतं. शटरखालून वाकून हाका मारल्या. तुम्ही पेला तोंडाशी धरून बसलेले, ती तोंड उघडं ठेवून बसलेली. दोन पुतळे! म्हटलं मोठ्या लोकांची मोठी कामं, आपण जावं."

"आम्ही... विचार करत होतो."

"करा, करा. पण मागे माणूस कोण ठेवलाय? विचार तुम्ही करत होतात, आणि मागच्या खोलीत मोजणी तर चालूच होती."

४

मागची खोली म्हणजे जिन्याखालची माल ठेवायची. दार एकच, दुकानातून. खिडकी नाही. शेठनी बॅटरी घेऊन कोपरान्‌कोपरा बघितला. खोकी, तारेची वेटोळी, खिळ्यांची पोती. उंदीर असेल. उंदीर पाच-पाच मोजतो का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी ते चहा न घेता बसले. मांडीखाली मुद्दाम एक बोल्ट ठेवला, डुलकी लागू नये म्हणून.

माऊ एक व्याख्या म्हणत होती. "प्रो..." म्हणाली आणि राहिली.

पंख्याने तिच्या कपाळावरचे केस हलत होते. वहीचं पान फडफडत होतं. डोळे उघडे होते आणि पापणी लवत नव्हती. पेनाचं टोक कागदावर टेकलेलं, तिथे शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत होता.

"माऊ?"

शेठनी तिच्या खांद्याला हात लावला. खांदा गरम होता. घट्टही नव्हता. नुसता तिथे होता, खुर्चीची पाठ असते तसा. घाबरलेला माणूस देवाचं नाव घेतो. शेठ मोजायला लागले. एक, दोन, तीन.

तेव्हा मागच्या खोलीतून आवाज आला. टिक टिक टिक टिक टिक. टिक टिक टिक टिक टिक. शेठच्याच लयीत, शेठच्याच डब्यात. एकच फरक होता. पाचांनंतरची श्वासभर उसंत तिथे नव्हती.

तीनशे बाराला आवाज थांबला.

"...सेस म्हणजे चालू स्थितीतला प्रोग्राम," माऊ म्हणाली. "ई, हा केवढा डाग पडला! बाबा, तुम्ही उभे का?"

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत उजेड मारला, गुडघ्यावर हातोडी मारली, डोक्याला तारा लावून कागदभर रेघा काढल्या. सगळं ठीक. "अभ्यासाचा ताण," डॉक्टर म्हणाले. मग शेठकडे बघून, "तुम्ही पण जरा झोप घ्या."

परत येताना शेठ म्हणाले, "राहू दे तो पेपर. नाही दिलास तरी चालेल."

माऊ रस्त्यातच थांबली. शेठनी झटकन तिचा दंड धरला, पण ती नुसतीच थांबली होती. "बाबा, मला आता येतंय. पहिल्यांदाच येतंय. आणि आता तुम्ही सोड म्हणताय?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दुपारी शटर पुन्हा अर्ध्यावर आलं.

५

परीक्षेला आठ दिवस राहिले होते. दुकान बंद करताना शेठनी डबी उघडली, तर आत एक चिठ्ठी.

'माऊ. ३१२. प्रो वर. पेन डाव्या हातात, टोक कागदावर. श्वास आत.'

अक्षर शेठचं. दोनाच्या आकड्याच्या शेपटीला वळण देऊन खाली ओढायची खोडही शेठचीच. पण त्यांनी ती लिहिलेली नव्हती. निदान लिहिल्याचं आठवत नव्हतं. मग त्यांना गार चहा आठवला, आणि त्या चाळीस मिनिटांत आपला हात काय करत होता हे आपल्याला कुठे ठाऊक आहे, असं वाटून ते स्टुलावर बसले.

शेवटी त्यांनी दुकानदारी विचार केला. काम झालेलं आहे. माऊ परत आलेली आहे. झालेल्या कामाची चिठ्ठी डबीत ठेवणं बरं नव्हे. उभी, आडवी, उभी, आडवी. तुकडे केरात.

काही झालं नाही. वर माऊ भांडी लावत होती आणि गुणगुणत होती.

मग रोजच चिठ्ठी सापडायला लागली. कधी एक, कधी तीन. 'माऊ. ९०. जांभईत.' 'माऊ. ६४०. डावा हात वेणीवर.' शेठ संध्याकाळी वाचायचे आणि फाडायचे. माणसाला कशाचीही सवय होते. पाचव्या दिवशी ते वाचता वाचता दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते.

६

परीक्षेच्या आदल्या दिवशी माऊची आई बहिणीकडे गेली होती. दुपारी माऊ वर उजळणी करत होती. शेठ खाली एकटेच बिजागऱ्यांची नवी खोकी लावत होते. गरम होत होतं. त्यांनी वर बघून हाक दिली, "माऊ, पाणी आण गं जरा." आणि बोलता बोलता डबीचं झाकण उघडं दिसलं म्हणून हात घातला. कपटा लागला. शेठ मनात हिशेब करत होते, चार इंची की पाच इंची, कुठली वरच्या फळीवर ठेवावी. हाताने उभी फाडली, आडवी, उभी, आडवी.

तुकडे खाली पडले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण ती वाचली नाही. आणि पाणीही आलेलं नाही.

माऊ जिन्यावर होती. चौथ्या पायरीवर. उजव्या हातात पाण्याचा पेला, डावा पाय खालच्या पायरीकडे निघालेला, तोंड उघडं. तिच्या मनगटावर एक माशी बसली होती, पाय चोळत.

मागच्या खोलीत मोजणी चालू होती.

शेठनी तीनशे बारापर्यंत मोजलं. सहाशे चाळीसपर्यंत मोजलं. दोन हजार झाले. माशी उडाली, परत येऊन भुवईवर बसली. मागची मोजणी एका लयीत चालली होती. तिथे कुणाला घाई नव्हती, आणि कुणी थांबायच्या बेतातही नव्हतं.

तुकडे जुळवायला गेले, तर निम्मे पंख्याने शटरखालून बाहेर गेलेले. मग शेठनी नवा कपटा घेतला. आयुष्यभर हेच तर केलं, त्यांनी स्वतःला बजावलं, सोडलं कुठे ते लिहायचं, बस. ते जिन्याशी उभे राहिले आणि दिसेल ते सगळं उतरवत गेले. 'माऊ. चौथी पायरी. डावा पाय हवेत. उजव्या हातात पेला, पाऊण भरलेला. मान डावीकडे.' शब्द कुठला? ओठ जुळून नुकते उघडलेले. 'बा वर.' नाकासमोर तळहात धरला. 'श्वास आत.' केसांतला चाप, ओढणीची गाठ, पायातली पट्टी निसटलेली चप्पल. काही म्हणून सोडलं नाही.

चिठ्ठी डबीत टाकली. मागचा आवाज तुटला.

"...बा, पाणी घ्या," माऊ म्हणाली आणि खाली उतरली.

शेठनी तिला छातीशी धरलं. पाणी दोघांच्या अंगावर सांडलं.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. उद्या पेपर आहे ना," शेठ म्हणाले. रडत होते आणि हसत होते.

७

माऊ पास झाली. काठावर नाही, वर्गात तिसरी. शिंपीमास्तरांनी तिला एक ब्लाउज फुकट शिवून दिला आणि मापात चूक केली. तिचं थांबणं जिन्यावरच्या त्या दुपारनंतर बंद. डबी रोज रिकामी. शेठनी हुश्श केलं.

तरी काहीतरी खुपत होतं. निकालानंतर कॉलेजचा फॉर्म भरताना माऊ समोर बसली होती, तेव्हा कळलं.

"उजव्या हाताने कधीपासून लिहायला लागलीस?"

"म्हणजे? मी उजव्याच हाताने लिहिते की."

शेठनी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "सवय सुटली असेल. लहानपणी डाव्या हाताने जेवली की तुम्हीच ओरडायचात ना? आता सुटली तर तेही नको."

जिन्यावरच्या चिठ्ठीत डावा हात लिहिला होता का, ते शेठना आठवेना. त्यांनी जुन्या वह्या काढल्या. पानापानावर पुसटलेली निळी कड. नव्या वहीत स्वच्छ ओळी, आणि प्रत्येक दोनाच्या शेपटीला वळण देऊन खाली ओढलेलं.

सुट्टीत ती आपणहून दुकानात बसायला लागली. एका दुपारी शेठ चहा घेत असताना ती स्क्रू मोजत होती. टिक टिक टिक टिक टिक टिक टिक टिक टिक टिक. शेठनी पेला खाली ठेवला. तेवढ्यात एक गवंडी आला, त्याला खिळे दिले, गप्पा मारल्या, वाटेला लावलं. माऊने पुन्हा डबा ओढला आणि पुढे मोजायला लागली.

"चिठ्ठी नाही लिहिलीस?"

"कशाला? मी थांबतेच कुठे?"

ती हे हसून म्हणाली. मोजताना तिने एकदाही श्वास घेतलेला शेठनी पाहिला नाही.

ते उठले. का उठले ते त्यांना सांगता आलं नसतं, पण पाय मागच्या खोलीकडे गेले. कडी काढली. उजवा पाय उंबऱ्यावर ठेवला.

आत अंधार होता, आणि दाराच्या उजेडाची एक फट पोत्यांवर पडली होती. पोत्यांच्या मागून एक हात बाहेर आला होता. डावा. काहीतरी धरण्यासाठी बोटं अर्धी उघडलेली, आणि जिथल्या तिथे राहिलेली. करंगळीखालची कड निळी होती, ओल्या शाईची. आणि त्या हातामागे, अगदी हळू, अर्धवट, कितीतरी दिवस ओठांत धरून ठेवल्यासारखं कुणीतरी म्हणालं, "बा..."

शेठनी तिला हाक मारायला तोंड उघडलं.

शेठनी तोंड मिटलं. ते मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभे होते. दार लोटलेलं होतं, कडी त्यांच्या हातात होती. उन्हाची पट्टी काउंटरवर चढली होती.

"मी इथे कशाला आलो होतो गं?"

"खिळे संपलेत ना, ते आणायला." माऊ गल्ल्यापाशी उभी होती. तिच्या हातात एक कपटा होता. तो तिने वाचून दाखवला, "'बाबा. उजवा पाय उंबऱ्यावर. डावा हात कडीवर. तोंड उघडं. श्वास आत.' एवढंच. बरोबर ना?"

शेठनी आठवून बघितलं. पाय बरोबर होता. हात बरोबर होता. आणखी काहीतरी होतं का? त्यांनी डोक्यातले सगळे खण उघडून बघितले. सगळे व्यवस्थित भरलेले.

"बरोबर," ते म्हणाले.

"मग काम झालं ना? फाडू?"

शेठना मनापासून बरं वाटलं. इतक्या वर्षांची दुकानाची रीत, पोरीने न शिकवता उचलली. "काम झालं की फाडायचीच असते. फाड."

तिने उभी फाडली, आडवी, उभी, आडवी. शेठ काउंटरवर येऊन बसले आणि चहाचा घोट घेतला. साय ओठाला चिकटली. समोर लेकीचे दोन्ही हात डब्यावर एका लयीत चालले होते. किती स्वच्छ हात, त्यांच्या मनात आलं, कडेला शाईचा ठिपकासुद्धा नाही. आणि का कोण जाणे, त्यांना भरून आलं.